पंचाची शिट्टी आणि गोरोबाकाकांचे थापटणे



वारकरी बंधूंनो आणि मायमाउल्यांनो, आजच्या निरूपणाला तेरच्या गोरोबाकाकांचा प्रसंग घेतला आहे. पण तेरला जाण्याआधी तुम्हाला आमच्या उमरगा तालुक्यातल्या एका मैदानावर यावे लागेल, कारण तिथे माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती पोटात ठेवून संतांच्या गोष्टी सांगायला बसलो तर जीभ अडखळेल. म्हणून आधी कबुली, मग कथा.

गेल्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालील मुलांचे कबड्डीचे सामने होते. गाव सांगत नाही, शाळा सांगत नाही. सांगून काय साधणार? मैदान शेणामातीने सारवल्यासारखे चोपून केलेले, चारी बाजूंनी दोर बांधलेला, आणि आत पांढऱ्या फक्कीने मारलेल्या रेषा. माणूस दाटीवाटीने उभा. कबड्डीला नियमाप्रमाणे पंच, सरपंच, गुणलेखक मिळून सहा माणसे लागतात. खेड्यात दोघा-तिघांवर भागते. त्या दिवशी शिट्टी होती शेजारच्या गावच्या एका शिक्षकांकडे. मध्यम वयाचे, चष्मा लावलेले, सायकलवर आलेले गृहस्थ. मानधन म्हणाल तर जाण्यायेण्याला पुरेल इतके.

शेवटची दोन मिनिटे उरली, गुण बरोबरीत. आमच्याकडचा एक चुणचुणीत पोरगा चढाईला गेला. कडेकडेने सरकला, कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि उडी मारून मध्यरेषेला आला. दोराबाहेरून एकच गलका झाला. आणि शिक्षकांनी शिट्टी फुंकून चढाई करणाऱ्यालाच बाद दिले! त्यांचे म्हणणे असे, की गड्याला हात लागण्याआधीच पोराचा पाय राखीव पट्ट्यात पडला होता. नियम असाच आहे. झटापट झाली की राखीव पट्टा खुला होतो; त्याआधी तिथे पाय टाकला तर गडी बाद. पण दोराबाहेर उभ्या असलेल्या पाचशे माणसांपैकी हा नियम पन्नास जणांना तरी ठाऊक असेल का? आणि ठाऊक नसलेल्यांचाच आवाज मोठा.

आमच्या उमरग्याला मराठी आणि कानडी दोन्ही भाषा येतात, त्यामुळे शिव्याही दोन्ही भाषांत पडतात. "पंच फुटला!" "किती खाल्ले रे?" मग ढेकूळ आले, मग चप्पल आली. आणि मग पोराचा बापच दोराखालून आत शिरला. त्याने शिक्षकांच्या कानशिलात मारली. चष्मा उडाला, शिट्टी गळ्यातल्या दोरीला लोंबकळत राहिली. आणखी चारपाच जण धावले. कोणी कॉलर धरली, कोणी पाठीत घातली. तरण्या पोरांनीच शेवटी त्यांना सोडवले.

तो बाप माळकरी आहे. माझ्या दिंडीतला आहे. आषाढीला माझ्या मागल्या ओळीत टाळ वाजवीत चालतो.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, महाराज, यात तुमची चूक कोणती? सांगतो. सगळे पंचाकडे बघत होते तेव्हा माझी नजर पोराकडे गेली. तो मध्यरेषेपाशी एकटाच उभा होता, आणि उजव्या पायाचा तळवा मातीवर घासत होता. हळूच, खाली मान घालून. तळव्याला पांढरी फक्की लागली होती. मी ती डोळ्यांनी पाहिली. शिक्षकांचा निर्णय बरोबर होता हे त्या सबंध मैदानावर तिघांना पक्के ठाऊक होते: शिक्षकांना, त्या पोराला आणि मला. शिक्षक मार खात होते, पोरगा पाय पुसत होता, आणि मी, दर एकादशीला सत्याचा महिमा गाणारा कीर्तनकार, दोर धरून गप्प उभा होतो. बोललो असतो तर चार माणसांनी तरी ऐकले असते. पण गर्दीपुढे माझी वाचा बसली.

असो. आता तेरला जाऊ.

तेर आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेकाठचे. गोरोबाकाका जातीचे कुंभार, वयाने वडील, म्हणून सारे संत त्यांना काका म्हणत. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी संतमंडळी एकदा त्यांच्या घरी जमली. मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. हे कशाला, असे त्यांनी विचारले. काका म्हणाले, याने मडके थापटले की कच्चे कोणते आणि पक्के कोणते ते कळते. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आम्हीही मडकीच की, आम्हांला थापटून पाहा. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सारे शांत बसले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणे पडले मात्र, ते चिडले. पाहुण्याला घरी बोलावून मारता काय? काकांनी निकाल दिला: एवढे मडके कच्चे आहे.

हा प्रसंग आपण शेकडो वेळा ऐकला आहे आणि दर वेळी नामदेवांना गुरू नव्हता या मुद्द्यावर येऊन थांबलो आहे. तो अर्थ आहेच. पण त्या दिवशी मैदानावरून घरी आल्यावर मला त्यात दुसरेच काही दिसू लागले. अहो, तो सामना होता! चार जणांत परीक्षा झाली, पंच नेमला, पंचाने निकाल दिला, आणि हरलेला गडी होता पंढरीनाथाचा सगळ्यांत लाडका भक्त, ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला असे आपण मानतो तो. हसे झाले ते त्याचे. आता पुढे काय झाले ते नीट पाहा. नामदेवांनी थापटणे हिसकावून घेतले नाही. ते अपमानाने पोळले, उठले आणि तडक पंढरीला आपल्या बापाकडे गेले. विठ्ठल त्यांचा बापच होता की. त्याच्या पायाशी रडले, तक्रार सांगितली.

आणि इथे त्या बापाने काय केले? गोऱ्याला बघून घेतो, म्हणाला का? माझ्या लेकराला कच्चा म्हणणारा तो कोण, असे विचारले का? देवाला काय अशक्य होते! एका शब्दात निकाल फिरवता आला असता. पण विठ्ठलाने पंचाचा निकाल कायम केला. बाळ, ते म्हणतात ते खरे आहे, तू विसोबा खेचरांकडे जा, अशी वाट दाखवली. नामदेव औंढ्या नागनाथाला गेले, विसोबांना शरण गेले, आणि त्यानंतरचे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. त्या दिवशी देवाने लेकराची बाजू घेतली असती, तर लेकरू खूश झाले असते आणि मडके कच्चेच राहिले असते.

आमच्या मैदानावरच्या बापाने उलट केले. पोराच्या पायाला फक्की लागली होती, तरी ती पुसायला त्यानेच शिकवले. तोंडाने नाही शिकवले. दोराखालून आत शिरून शिकवले.

बापाला एवढे काय झाले होते, हाही विचार करू. नुसते दोष देऊन चालत नाही. कोरडवाहू दोन एकर, पाऊस आला तर आला. सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत हे आता खेडोपाडी ठाऊक झाले आहे. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, अशी ती शिडी. आणि शेवटच्या पायरीवर एक प्रमाणपत्र. याच धाराशिवची सारिका काळे खोखो खेळत भारताच्या संघापर्यंत पोहोचली, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. साध्या घरची लेक. तिचा फोटो पाहून कितीक बापांच्या मनात आशा पेटली असेल. मग पंचाची एक शिट्टी म्हणजे पोराच्या ताटातली भाकरी काढून घेतली असेच वाटते. वाटणे मी समजू शकतो. पण त्या शिक्षकांनी भाकरी काढली नव्हती, पाय कुठे पडला तेवढे सांगितले होते.

आणि हे खुळ फक्त आमच्या गावंढळ मैदानावरचे आहे असे समजू नका. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली. गादीवरच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षे हा आधीचा महाराष्ट्र केसरी, 2023 साली गदा जिंकलेला मल्ल. पाठ टेकलीच नाही असे त्याचे म्हणणे. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम कुस्तीतही महेंद्र गायकवाडने रागाने आखाडा सोडला. दोघांवर कुस्तीगीर संघाने 3 वर्षांची बंदी जाहीर केली. निर्णय बरोबर की चूक, यावर जाणकारांतही दोन मते पडली. मी कुस्तीतला जाणकार नाही. मला खटकले ते पुढचे. एका माजी विजेत्याने, लाथ कसली, पंचाला गोळीच घालायला हवी होती असे उद्गार काढले, आणि ते ऐकून पारावर माना डोलल्या. त्याआधी 2023 च्या जानेवारीत पुण्याच्या स्पर्धेनंतर एका पंचाला फोनवरून धमकी आली होती. थोरले मल्ल असे वागतात आणि थोरली माणसे असे बोलतात. मग चौदा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात ढेकूळ पडले तर नवल कसले?

समुद्रापार तरी वेगळे आहे का? नेदरलँड देशात आल्मेर गावी 2 डिसेंबर 2012 ला पोरांचा फुटबॉलचा सामना होता. कडेच्या रेषेवर निशाण घेऊन उभा होता एका खेळणाऱ्या पोराचा बाप, विनामोबदला, हौसेने. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या पोरांनी त्याला लाथांनी तुडवले. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या आठवड्यात त्या देशाने सगळे हौशी सामने बंद ठेवले, हजारो मैदाने ओस पडली. न्यायालयाने 2013 साली शिक्षा दिली ती सहा पोरांना आणि एका पन्नाशीच्या बापाला. पोरांना थोडकी, बापाला सहा वर्षे. ही बातमी वाचली तेव्हा मला त्या बापाचे तोंड डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करावा लागला होता. गेल्या हिवाळ्यापासून करावा लागत नाही.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल, ती घेतोच. पंच चुकतो की नाही? चुकतो. कधी डोळा चुकतो, कधी भीतीने चुकतो, आणि कधी खरोखर फुटलेलाही असतो. सगळे पंच गोरोबाकाका नसतात. मग सहन करावे काय? कोणी म्हणतात, पंचाने तरी सहन करावे, एकनाथ महाराजांच्या अंगावर तो माणूस पुन्हा पुन्हा थुंकला तरी ते गोदावरीत स्नान करीतच राहिले. अहो, एकनाथांची शांती ही एकनाथांनी मिळवलेली. ती दुसऱ्याने अंगी बाणवावी म्हणून आपण थुंकत राहायचे, हा कुठला न्याय? त्या कथेतल्या दोन माणसांपैकी आपण कोण आहोत ते आधी पाहावे.

अन्याय झाला तर गप्प बसा असे वारकरी पंथाने कधीच सांगितले नाही. आपल्या पालखी सोहळ्यात याची केवढी सुंदर रीत आहे! माउलींची पालखी तळावर आली की समाजआरतीला साऱ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग एका लयीत चाललेले. चोपदार दंड वर करतात, आणि क्षणात सगळे थांबते. एवढा मोठा समाज, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी. पण एखाद्या दिंडीवर त्या दिवशी अन्याय झाला असेल, कोणी क्रम मोडला असेल, पाण्यावरून कटकट झाली असेल, तर ती एकटी दिंडी टाळ थांबवीत नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतोय. त्याचा अर्थ, आमची तक्रार आहे. मग चोपदार स्वतः त्या दिंडीकडे चालत जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, आणि मग तिथलाही टाळ थांबतो. ना शिवी, ना हात. ज्याला दुखले त्याने टाळ वाजवायचा आणि ज्याच्या हाती दंड आहे त्याने चालत यायचे.

खेळातही हेच आहे हो, फक्त आपण बघत नाही. निर्णय पटला नाही तर कर्णधाराने जाऊन विचारायचे, संघाच्या व्यवस्थापकाने लेखी आक्षेप द्यायचा, तो वरच्या पंचांनी ऐकायचा. त्यांनीही चालत यायला हवे, तोऱ्याने कागद फेकून देऊ नये. आयोजकांनीही एका माणसाच्या गळ्यात शिट्टी अडकवून त्याला पाचशे जणांच्या तोंडी देऊ नये. पण दोराबाहेरच्या माणसाला त्यात जागा नाही. त्याची जागा दोराबाहेर. रिंगणात पाहा ना. खुडूसला किंवा वाखरीला अश्व धावतो तेव्हा लाखो माणसे भोवती असतात, प्रत्येकाला टापांखालची माती कपाळाला लावायची असते. पण अश्व धावत असेतो रिंगणात कोणी शिरत नाही. तीच माणसे, तेच पाय. वाखरीला जे जमते ते उमरग्याला का जमू नये?

खेळाचे आपल्याला वावडे आहे असेही नाही. तुकोबारायांनी विटीदांडूवर, हमाम्यावर अभंग रचले, नाथांनी हुतुतूवर भारूड केले. संतांनी पोरांचे खेळ पाहिले आणि त्यांत परमार्थ दाखवला. त्यांच्या वेळीही पोरे भांडत असतील, चिडचा खेळत असतील. मोठी माणसे मध्ये पडत नसावीत एवढेच.

आता राहिलेली कबुली. कार्तिकी करून परत आल्यावर मी त्या बापाला गाठले. देवळाच्या ओट्यावर बसलो आणि पोराच्या तळव्याची गोष्ट सांगितली. मला वाटले होते, तो उसळेल. तो बराच वेळ माळेचा मणी फिरवीत बसला. मग म्हणाला, "महाराज, पोरगं मला त्याच सांजंला बोललं होतं. बाबा, पाय पडला होता म्हणून."

"मग?"

"मग काय! सगळ्यांदेखत मारलेलं. आता सगळ्यांदेखत माघार कशी घ्यायची?"

मी त्याला काय उत्तर देणार? मी तरी सगळ्यांदेखत कुठे बोललो होतो? आम्ही दोघे एकाच दिंडीचे खरे.

यंदा सामने भरवायचे म्हणून मंडळी पंच शोधायला निघाली तर तालुक्यात कोणी शिट्टी घ्यायला तयार होईना. एकाने घरच्यांचे कारण सांगितले, दुसऱ्याने गुडघ्याचे. ते शिक्षक तर सरळ नको म्हणाले. पोरे रोज सांजेला विचारतात, सामने कधी? त्यांना काय सांगावे कळत नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी त्या शिक्षकांच्या गावी गेलो. बापालाही म्हटले, चल. तो हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी फटफटीवर मला घेऊन निघाला. शाळेच्या आवारात पोहोचलो तर शिक्षक वाकून मैदान आखीत होते. बारकी बारकी पोरे भोवती उभी. नवा चष्मा दिसला. बाप फाटकाबाहेर कडुलिंबापाशी गाडी लावून तिथेच थांबला, आत येईना. मी पुढे होऊन शिक्षकांच्या पायांवर डोके ठेवले, जसे आपण वारीत एकमेकांच्या ठेवतो. ते गडबडले. मी पाहिलेले सगळे त्यांना त्या पोरांसमोर सांगितले. तळव्याचे सांगितले, गप्प राहिलो ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. फक्कीचा डबा खाली ठेवला, हात झटकले आणि फाटकाकडे पाहिले.

"ते उन्हात का थांबलेत? बोलवा आत," ते म्हणाले. "फक्त रेषेवर पाय पडू देऊ नका म्हणावं. आत्ताच मारलीय."